महिनाभर झाकू नका

गोष्ट १९९७ सालची. त्या वर्षी धाकट्याने नवी कोरी गाडी घेतली आणि दोन महिन्यांत ताईची खोली गेली.

रस्त्याकडची खोली ती. ताईने तिथे सव्वीस वर्षं शिवणकाम केलं होतं. दारावर पाटी नव्हती, पण गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती. आईवडील गेल्यावर त्याच मशीनवर धाकट्या भावाचं शिक्षण झालं. घर मात्र त्याच्या नावावर. कचेरीच्या खेपा माझ्याच्याने व्हायच्या नाहीत, असं ताईच तेव्हा म्हणाली होती.

गाडी गडद निळी, उन्हात आतून चमचमणारी. तसला रंग त्या काळी नवा होता, पोरं थांबून बघत. धाकटा जेवताना गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचून दाखवी.

"रंगावर काचेसारखा एक थर असतो. केसाएवढाही जाड नाही. तो आहे तोवर रंग. ऊन त्याला खातं, झाडाचा चीक खातो. पाखराची शीट तर एका दुपारीत डाग पाडते, जन्मभराचा."

"मग उशाशी घेऊन झोपा की गाडीला," बायको म्हणाली.

धाकटा हसला नाही. "ताईची खोली आहे की," तो म्हणाला.

ताईला वाटलं, चेष्टाच चालली आहे. "आणि गिऱ्हाईक कुठे बसवू रे? तुझ्या डोक्यावर?"

"तुझं मशीन जिन्याखालीही चालेल. मशीनचा काही रंग उडत नाही."

"अरे, खोलीला ओल आहे. गाडी खराब होईल."

"सव्वीस वर्षं नव्हती, ती आज आली होय ओल?" धाकटा बायकोकडे बघून म्हणाला, आणि या खेपेला दोघंही पोट धरून हसली.

भिंत फोडून लोखंडी शटर बसवलं. मशीन जिन्याखाली गेलं. तिथे जायचं तर स्वयंपाकघरातून जावं लागे. गिऱ्हाइकं दोनदा आली, तिसऱ्यांदा आली नाहीत. ताईला दुसरं काम मिळालं. दर रविवारी गाडीला मेण लावायचं, रोज संध्याकाळी कव्हर घालायचं. "तुझा हात हलका आहे ना," धाकटा म्हणायचा. नशीब थोर म्हणायचं, तिच्यातलं काहीतरी त्याला अजून दिसत होतं.

एका सकाळी गाडी मागे घेताना शटरच्या चौकटीने डावी बाजू पुढून मागेपर्यंत खरवडली. चालवत होता धाकटाच. बोलणी खाल्ली ताईने, मागे उभं राहून ओरडली का नाही म्हणून.

गॅरेजमधल्या पेंटरने दोन्ही दारं नव्याने रंगवली. बावीस वर्षं एकाच गॅरेजात काढलेला माणूस, हाडाचा कारागीर. गाडी पोचवायला तोच आला तेव्हा घरात ताई एकटी होती.

"हात लावून बघा, ताई. कुठे जोड लागतोय का सांगा."

लागत नव्हता.

"आता नीट ऐका. वरून वाळलाय, आतून अजून कच्चा आहे. आतलं थिनर बाहेर पडायला महिना लागतो. महिनाभर मेण नाही, कव्हर नाही. बंद खोलीत तर मुळीच ठेवू नका. मोकळी हवा लागू द्या. एकदा महिना गेला की मग साहेब, ऊन नि पाखरं आपसात काय ते बघून घेतील. झाकलात तर नासला म्हणून समजा. साहेबांना चिठ्ठी लिहून देऊ?"

"कशाला? मी काय बहिरी आहे?"

"तसं नाही हो. तुम्ही सांगाल म्हणजे झालंच." जाताना त्याला जिन्याखालचं मशीन दिसलं. "इथे अंधारात शिवता? डोळे जातील, ताई."

ताई किल्ली हातात घेऊन बराच वेळ उभी होती. सांगितलं तर गाडी महिनाभर बाहेर राहील, खोली महिनाभर मोकळी. आणि एकतिसाव्या दिवशी गाडी पुन्हा आत. पण रंग खोलीतच नासला तर? ओल आहे म्हणून मी सांगतच होते, असं तिला म्हणता येईल. मग तो पुन्हा गाडी आत ठेवणार नाही.

संध्याकाळी धाकट्याने विचारलं, "पेंटर काही म्हणाला?"

"काही नाही. किल्ली दिली नि गेला."

रविवारी तिने मेण लावलं. नेहमीपेक्षा दाट लावलं, वर कव्हर ओढलं, चारी कोपरे घट्ट बांधले आणि शटर खाली घेतलं. तीन आठवडे तिने हे काम नेमाने केलं. एवढ्या मनापासून तिने त्या वर्षात दुसरं काहीच केलं नाही.

नव्या रंगाला जपायचं म्हणून आतच ठेवलेली गाडी चौथ्या आठवड्यात धाकट्याने दिवसाउजेडी बाहेर काढली. दोन्ही दारांवर बारीक फोड आले होते. मधे मधे साय धरल्यासारखं पांढुरकं, आणि त्यावर कव्हरच्या विणीचा ठसा, धागा न् धागा मोजून घ्यावा असा.

तो ताईला बरोबर घेऊनच गॅरेजात गेला. सगळे कामगार हातातलं काम टाकून गोळा झाले. पेंटरने दारावरून अंगठा फिरवला, नखाने एक फोड दाबला.

"झाकली होती, साहेब. वर मेणही लावलंय. ताईंना मी सांगितलं होतं, महिनाभर..."

"ताई?" धाकटा वळला.

"मला?" ताई म्हणाली. "तोंडातून शब्द काढला नाही याने."

पेंटर आधी हसलाच. "ताई, चेष्टा करू नका. मी चिठ्ठी देत होतो, तुम्हीच नको म्हणालात."

"कसली चिठ्ठी?"

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. काढायचं कसं ते त्याला कळेना. गॅरेजमालक म्हणाला, "बाईंचं वय बघ जरा. त्या खोटं बोलतील? वर बाईमाणसावर ढकलतोस, लाज नाही वाटत?" धाकट्याने सगळ्यांसमोर पेंटरच्या कानाखाली वाजवली. मालकाने त्याला त्याच दुपारी घालवलं. जाताना पेंटर ताईजवळ थांबला. "माझं काही चुकलं होतं का, ताई?" त्याने खरोखरच विचारलं. ताईने पदर सारखा केला.

परतताना ती गाडीत म्हणाली, "पेंटरचं असो. पण मी सांगत होते, खोलीला ओल आहे. बंद जागेत रंग नासतोच."

धाकट्याने गिअर बदलला. म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

ताईने मनातल्या मनात मशीन पुन्हा खोलीत नेलं.

"हवा खेळायला पाहिजे. भिंतीच पाडून टाकतो. चार खांब नि वर पत्रा."

आठवड्याच्या आत खोली पडली.

त्या पेंटरला पुढे कुठल्याच गॅरेजने उभं केलं नाही. त्याने लोकांची फाटकं आणि खिडक्यांचे गज रंगवून दिवस काढले आणि साठीच्या आत छातीच्या दुखण्याने गेला. गॅरेजमालकाला त्याच्यासारखा हात पुन्हा मिळाला नाही. तीन वर्षांत त्याने गॅरेज विकलं. धाकट्याने ती गाडी वर्षभरात काढून टाकली. नंतर चार घेतल्या. आता गुडघे गेले आहेत, पाचवी नुसती उभी असते आणि एक पोऱ्या येऊन ती पुसतो. ताईच्या मागे बायको लेकाकडे राहायला गेली ती गेलीच. ताई जिन्याखाली आणखी चौदा वर्षं जगली. डोळे गेले तरी हाताच्या अंदाजाने उशांचे अभ्रे शिवायची, ते कुणी नेत नसे. शेवटच्या आजारात धाकट्याच्या बायकोने तिला विचारलं होतं, कुणाला बोलवायचं का. ताई म्हणाली, कुणाला नको.