पहाटेची अमानत

"उठा रे, उठा! झोपेपेक्षा नमाज बरी!"

उसैदमामाचा तो आवाज हुजैरच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा हुजैर आईच्या कुशीत निजणारं पोर. वाळवंटात तंबू पडलेले, उंट रवंथ करत बसलेले. मामा आदल्या दिवशी मदिनेहून परतला होता. काय पाहून आला, काय ऐकून आला, ते कोणाला धड सांगितलं नव्हतं, नुसता हसायचा आणि म्हणायचा, "सकाळी सांगतो." आणि सकाळी हा टेकाडावर चढला, कानांत बोटं घातली आणि असा काही आवाज काढला की अख्खा तळ हादरला. कोणी म्हणालं दरोडा पडला. आजोबांनी तलवार उपसली. उंटणी दावं तोडून पळाली. आई बाहेर येऊन ओरडली, "दादा, वेड लागलं की काय तुला?"

"वेड नाही गं," मामा वरूनच म्हणाला, "निरोप आहे. एकच आहे तो. त्याच्यापुढे सरदारही वाकणार आणि गुलामही, एकाच रांगेत."

"आधी माझी उंटणी आणून दे," आजोबा म्हणाले. "मग कोणापुढे वाकायचं ते बघू."

वर्ष सरायच्या आत तेच आजोबा त्या रांगेत उभे राहिले. मामाने हुजैरला टेकाडावर नेऊन आकाश शिकवलं. आधी उजेडाचा एक उभा पट्टा वर चढतो, लांडग्याच्या शेपटासारखा. तो फसवा, मावळून जातो. मग क्षितिजावर आडवा, दोन्ही बाजूंना पसरत जाणारा येतो, तो खरा. "बांग देणारा अमानतदार असतो, पोरा, ठेव सांभाळणारा," मामा म्हणायचा. "लोकांनी आपला घास, आपलं पाणी, आपली झोप त्याच्या गळ्यात ठेवलेली असते."

मामा गेला. वाळवंट मागं पडलं. लढाया झाल्या, टोळ्या उत्तरेला सरकल्या आणि हुजैरची माणसं फुरात नदीच्या एका कालव्याकाठी, कूफा शहरापासून एका मुक्कामावर, मातीच्या घरांत येऊन वसली. मशीद बांधली, बोरूच्या छपराची, खजुराच्या खांबांची. तिला लागूनच हुजैरचं घर. त्याच्याच गच्चीवरून तो उभा जन्म बांग देत आला.

आता तो थकला होता. गुडघे थकले, गळा थकला. पण ती गोष्ट लोकांना दिसायची, लोक सांभाळून घ्यायचे. डोळ्यांचं कोणाला दिसत नव्हतं. दुधावर साय धरावी तशी बुबुळांवर साय धरली होती. माणूस आला की सावली हलते, एवढंच कळायचं. घर पाठ होतं, मशिदीची वाट पाठ होती, आणि आवाजावरून तो माणसाला नावानं हाक मारायचा. दुपारी ऊन अंगाला सांगायचं. रोजा सोडायच्या वेळी तर सगळं गावच पश्चिमेकडे तोंड करून बसलेलं, पोरं "बुडला, बुडला!" म्हणून ओरडली की याने बांग द्यायची. अवघड होती ती पहाट. पहाटे गच्चीवर तो एकटा असायचा.

एकटा नसायचाही. रबाब यायची. त्याची लेक. तिची आई जिवंत असताना हातपाय धुवायला पाण्याचं भांडं घेऊन वर यायची आणि म्हणायची, "अहो, फटफटलं." आई गेल्यावर तेच भांडं, तेच शब्द लेकीकडे आले. "बाबा, फटफटलं." तिला वाटे, आईची आठवण म्हणून बाबांना हे आवडतं. त्या दोन शब्दांवर सगळी वस्ती तोंडचा घास थांबवते, हे तिला ठाऊक नव्हतं.

या रमजानच्या तोंडावर माहानचं स्थळ आलं. माहान वीटभट्टीवाला, इराणी. बापाच्या वेळी घरात अग्नी पुजायचे, हा कोवळ्या वयातच स्वतःहून या रांगेत आला. हात विटेसारखे खरखरीत, बोलणं मऊ. ईद झाली की फौजेमागून पार पूर्वेला, मर्वला जाणार होता. तिकडे नवी वस्ती उठत होती, मशीद बांधायला विटा हव्या होत्या. वस्तीचा वडीलधारा अबू नुमैर मध्यस्थ म्हणून आला होता. रबाब पडद्यामागं जात्यावर बसली होती. जातं थांबलं.

मर्व. महिनोन् महिन्यांची वाट.  हुजैरच्या तोंडातून निघालं ते भलतंच.

"अरबाची पोर इराण्याच्या घरात? त्याचं कूळ कोणतं? आजा कोण त्याचा?"

अबू नुमैर पुढे सरकला. "हुजैर, तू बोलतोस हे? रोज पाच वेळा सगळ्यांना एका रांगेत बोलावणारा तू?"

"रांग वेगळी, सोयरीक वेगळी."

अबू नुमैर उठून गेला. पडद्यामागं जातं पुन्हा फिरू लागलं आणि रबाबने उंट हाकणाऱ्यांचं जुनं गाणं धरलं, अगदी हळू:

*चाल गं उंटणी, चाल गं हळू,*
*मागं राहिलं पाणी, पुढं नुसती वाळू.*

 त्या दिवसापासून ती बापाशी गरजेपुरतंच बोलायची. पाणी मात्र आणायची.

रोजे चालू झाल्यावर एका पहाटे तिनं तेही आणलं नाही.

हिवाळ्याचे दिवस. दारांवर चटया सोडलेल्या, माणसं आत चुलीशी बसून खजूर, भाकर, दूध घेत होती. हुजैर गच्चीवर कांबळं ओढून बसला. आता येईल, मग येईल. कोंबडा आरवला, पण तो मेला मध्यरात्रीही आरवतो. डोळ्यांसमोर नुसतं राखाडी. खालून लेकीच्या पावलांचा आवाज येतो का, याकडेच त्याचं सगळं ध्यान. शेवटी गालाला उन्हाची ऊब लागली. तो उठला आणि फाटक्या आवाजात बांग दिली.

मशिदीच्या अंगणात लोक नमाजेच्या आधीच भांडायला जमले. सगळ्यांत पुढे उम्म झुरआ, शेजारची विधवा. दात एकही नव्हता, पण जिभेला धार होती.

"हुजैरभाऊजी, तुमच्या गळ्यावर विसंबून मी खजूर चघळत बसले आणि दाराच्या फटीतून ऊन माझ्या ताटात! मला दात नाहीत, एक खजूर संपायला वेळ लागतो हो. आता हा रोजा म्हणायचा की न्याहारी?"

लोक हसले. हुजैरने खाली मान घातली. "धुकं होतं," तो म्हणाला.

"धुकं? कुठलं धुकं? कालव्यापल्याडच्या बगळ्याची चोच दिसत होती मला, या म्हातारीला!"

 अबू नुमैर घसा खाकरून काही विचारणार, तेवढ्यात मागून एक मऊ आवाज आला.

"धूर होता. माझ्या भट्टीचा. वारा भट्टीकडून होता आणि काका गच्चीवर, धुरात. चूक माझी आहे."

माहान.  गच्चीवर हुजैर इतका वेळ बसला होता; हवेत धुराचा वास नव्हता, ओल्या मातीचा होता. भट्टी पेटलेलीच नव्हती. मग लोकांची तोंडं माहानकडे वळली. "इराण्या, आगीची सवय जात नाही वाटतं तुझी!" कोणी तरी म्हणालं.  अबू नुमैरने सांगितलं, ईदनंतर सगळ्यांनी हा रोजा पुन्हा धरायचा. रांग लागली. माहान हुजैरच्या शेजारी उभा राहिला, खांद्याला खांदा. हुजैरने आयुष्यात पहिल्यांदा नमाजेत शब्द गाळले.

दिवस कसा गेला, त्याचं त्यालाच माहीत. संध्याकाळी पोरांनी ओरडा केला, त्याने बांग दिली, खाली येऊन खजूर तोंडात घातला. तो गोड लागला नाही.

रबाबने पेज पुढे ठेवली. "मी वर आले नाही, माझं चुकलं," ती म्हणाली. "पण बाबा, मी नाही आले तर काय झालं? पहाट काय माझ्या ओच्यात बांधलेली असते?"

"मी काही म्हटलं का?"

"म्हणतच नाही तुम्ही. काही म्हणतच नाही."

तेवढ्यात अबू नुमैर दारात आला, थकून उंबऱ्याशीच टेकला. "माझे पाय गेले आज, हुजैर. घरोघरी समजूत घालत फिरलोय. लोक ऐकेनात. भट्टी बंद करा म्हणतात. मी त्या पोराला सांगून आलो, विझव म्हणून. 'बरं' म्हणाला. कूफ्याहून त्याने विटांची उचल घेतली होती. आता काय करील कोण जाणे. ईदपर्यंतही थांबणार नाही म्हणतो, दोन दिवसांत निघेन."

रबाबच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. ती उठून आत जाऊ लागली.

"बस," हुजैर म्हणाला.

"बसून काय ऐकू? त्याचं कूळ?"

"बस गं, पोरी. मला दोनदा बोलायचं त्राण नाही."

ती बसली, असं तिच्या बांगड्यांनी सांगितलं. उंबऱ्याकडे अबू नुमैरची सावली होती. हुजैरने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. अजून लपवायला वेळ होता. 'म्हातारा झालो' म्हटलं असतं तरी लोकांनी मान डोलावली असती, आणि उद्या पहाटे ती पाणी घेऊन वर आलीच असती.

"भट्टी पेटलेली नव्हती," तो म्हणाला. "मला झाकायला तो खोटं बोलला. धूरही नव्हता, धुकंही नव्हतं. अबू नुमैर, मला दिसत नाही. गेल्या रमजानलाही दिसत नव्हतं. ही येऊन 'फटफटलं' म्हणते, तेव्हा मी बांग देतो. गावाने जी अमानत माझ्याकडे ठेवली, ती मी हिच्या जिवावर सांभाळत होतो, आणि हिला पत्ता नव्हता. हिला मर्वला पाठवलं तर मी आंधळा हे उजेडात येईल, म्हणून मी त्या पोराचं कूळ काढलं. त्याच्या कुळात काही खोट नाही."