दहा मिनिटांचं पाणी

आमच्या घरात पाणी नुसतं प्यायचं नसतं, आधी शिजवल्यासारखं करायचं असतं. म्हणजे ठमीसाठी. ठमी माझी लेक, नऊ वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हातपाय तिचं ऐकत नाहीत आणि घसाही ऐकत नाही. साधं पाणी पोटाऐवजी फुप्फुसात उतरतं. म्हणून पेल्यात पावडर घालायची, ढवळायचं आणि दहा मिनिटं तसंच ठेवायचं. खळीसारखं दाट झालं की चमच्यानं एकेक घोट. चमचा वाजला की ठमी आ वासते आणि खुदकन हसते. दिवसभरात कुणाच्या मदतीशिवाय तिला तेवढंच जमतं.

त्या सकाळी माझ्याकडे दहा मिनिटं नव्हती. मी शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवते. आठला फाटक बंद होतं. त्या आठवड्यात दोनदा मी बाहेर राहिले होते, तिसऱ्यांदा झालं तर घरीच बसा, असं मुकादमानं बजावलं होतं. पावडर घातली, भराभर ढवळलं आणि तीन-चार मिनिटांतच भरवायला घेतलं. ठमीला ठसका लागला नाही, नुसते डोळे भरून आले. ठसका न लागता डोळे भरले म्हणजे पाणी फुप्फुसात चाललंय, लगेच थांबायचं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? सासूबाईंना मीच शंभरदा ऐकवलं होतं. मी तिचे डोळे रुमालानं पुसले, उरलेला पेला ओट्यावर ठेवला आणि पळाले.

तिसऱ्या दिवशी ताप, मग धाप, मग दवाखाना. न्यूमोनिया निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिला पातळ पाणी कुणी दिलं?"

ह्यांनी सरळ आपल्या आईकडे बघितलं. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी "पोरीला पाणीसुद्धा चिखल करून द्यायचं का?" असं म्हणत सासूबाईंनी तिला साध्या पाण्याचे दोन चमचे पाजले होते आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. माझी जीभ आहेच तशी. तेव्हापासून येता-जाता टोमणे चालूच होते. पण त्या दिवशी ती जीभ कुठे गेली कोण जाणे. मी मूग गिळून उभी राहिले.

"मीच दिलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"असेल? असेल म्हणजे काय?" हे ओरडले. "आई, तू जीव घेशील तिचा एखाद दिवशी!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. सासूबाईंची पिशवी तेवढा वेळ मीच धरून होते.

ठमी वाचली. पण तिच्या पोटाला भोक पाडून नळी बसवली. आता खाणंपिणं सगळं त्या नळीतून, तोंडानं काही नाही, बहुधा कधीच नाही. घरी आल्यावर ह्यांनी फर्मान काढलं, की आईनं ठमीजवळ चमचा घेऊन फिरकायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मला राहवेना. सासूबाई भांडी विसळत होत्या. म्हटलं, "आई, त्या दिवशी पाणी मी दिलं. थांबले नाही."

"माहितेय," त्या मागे न वळताच म्हणाल्या. "पेला मीच घासला ना. खाली पावडरीचे गोळे आणि वर निव्वळ पाणी."

"मग अंगावर का घेतलंत?"

"तो माझ्यावर चार दिवस ओरडेल नि विसरेल, पोटचा आहे. तुझ्यावर ओरडला असता तर तू तिला हात लावायला घाबरली असतीस. मला सत्तरी उलटली, बाई. पुढे तिचं तुलाच करायचंय." मग जरा हसल्या. "आणि मला टोमणे मारायला तरी तुझ्यात जोर राहायला हवा की नको?"

मला रडू फुटलं. "आज जेवताना ह्यांना सांगते," मी म्हटलं. त्या भांडी पुसत राहिल्या.

संध्याकाळी सातला जेवायला बसलो. ठमीची खुर्ची नेहमीसारखी टेबलाशी होती. सासूबाईंचा चमचा ताटाच्या काठाला लागला. ठमीनं आ वासला. हसली, आणि तोंड तसंच उघडं धरून एकेकाकडे बघत राहिली.

"आई! कितीदा सांगायचं?" हे खेकसले. "आधी तिचं खाणं बंद केलंस, आता तिच्यासमोर चमचे वाजव!"

हीच वेळ होती. काय बोलायचं ते दुपारपासून घोकून ठेवलं होतं. पण ह्यांचा लाल झालेला चेहरा बघितला आणि मला भीती वाटली. सासूबाईंनी आपलं ताट उचललं, स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. ओट्याशी उभ्यानंच जेवत असणार.

ठमीच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती, ती मी पुसली. मग मान खाली घालून जेवले. दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं. चमचा तेवढा वाजू दिला नाही.