रायवळावरची स्कूटी

लांज्याच्या चिराग रांबाडेला आमच्या निवासी शाळेतून काढून टाकलं. ऐन दहावीच्या वर्षात. कारण लिहिलं: झाडावर चढणे.

असं काहीही घडलेलं नाही. शाळेला विचारून बघा. कोणाला काढलेलं नाही, कोणी चढलेलं नाही, आणि हजेरीत चिरागच्या नंबरावर आता त्याच्या पुढच्या ओमकारचं नाव आहे. तेव्हा वरचं तुम्ही वाचलेलं नाही असं धरू, आणि मी आपली झाडाची गोष्ट सांगते.

आमची शाळा रत्नागिरीच्या वर सड्यावर आहे. चहूकडे कातळ, आणि आवाराच्या मधोमध एक रायवळ आंबा. इतका उंच, की त्याच्या आंब्यांना आम्ही फक्त पडल्यावरच भेटलोय. बुंध्याशी शेंदूर फासलेला जांभ्याचा दगड आहे. तो राखणदार. जागा मुळात त्याची, शाळा नंतर आली. शाळेत भूतबीत काही नाही, हे शाळेचं अधिकृत मत. आणि दर जूनमध्ये त्याला नारळ, विडा देऊन गाऱ्हाणं घालायचं, ही शाळेची अधिकृत प्रथा. दोन्ही गोष्टी एकाच ऑफिसात सुखाने नांदतात.

गाऱ्हाणं म्हणजे त्याच्यासमोर उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं, आणि दर मागण्याला बाकीच्यांनी "व्हय महाराजा!" म्हणून दुजोरा द्यायचा. शाळेला जमीन दिली ते दाजी आजवर गाऱ्हाणं घालायचे. त्यांचं मागणं साधं असायचं. "पोरं लांबनं आलीत बा, सांभाळ. इंचूकाट्यापासनं राख. चुकली तर पदरात घे." संपलं. मग खोबरं.

यंदा दाजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे मुंबईला गेले आणि नारळ आला गुरुप्रसाद सरांच्या हातात. सर कराडकडचे. आम्हाला विज्ञान शिकवतात आणि वसतिगृहाचे रेक्टरही तेच. नियमावली त्यांनीच केलीय, आणि ती जेवणघरापासून मोरीपर्यंत सगळ्या भिंतींवर आहे. सरांनी नारळ धरला, घसा साफ केला आणि स्नेहसंमेलनात सूचना देतात त्या आवाजात म्हणाले, "हे राखणदारा, या आवारात जो कोणी नियम मोडेल, मग तो कोणीही असो, त्याची अजिबात गय करू नकोस!"

"व्हय महाराजा!" आख्खी शाळा ओरडली.

सगळ्यात मोठा आवाज माझा. मी हर्ण्याची. आई संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात उभी असते. आमच्या घरात हळू बोललं की माणसं ताप बघतात. आता, गाऱ्हाण्यात पुढचा काय मागतोय ते कोणी ऐकतं का? तो श्वास घ्यायला थांबला की आपण ओरडायचं, एवढंच लहानपणापासून माहीत. त्या दिवशी नीट ऐकणारा एकच होता, आणि तो दगडापाशी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमकारचा चोरून आणलेला मोबाइल रायवळाच्या शेंड्यावर वाजत होता.

"कोण गेलं वर?" सर गरजले. कोणी गेलं नव्हतं. त्या झाडावर जाऊ शकेल असा शाळेत एकच मुलगा होता, चिराग, आणि तो तेव्हा सगळ्यांसमोर पोहे खात होता. त्याच्या घरी काजूची बाग आहे, चालायच्या आधी तो चढायला शिकला. सर म्हणाले, "रांबाडे, चढ आणि काढ तो खाली."

"सर, झाडावर चढू नये असा नियम आहे," चिराग म्हणाला. हा मुलगा खरोखर नियम वाचायचा.

"मी सांगतोय ना!"

चिराग चढला. मोबाइल घेऊन उतरला आणि माझ्या कानाशी आला. "योगे, वर कोणतरी बसलाय."

"कोण?"

"म्हातारा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पाय सोडून बसलाय. मला विचारतो, रे पोरा, त्या नियमांतलं 'अनधिकृत' म्हणजे काय रे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं की मलापण नीट माहीत नाही. तर म्हणाला, मग दोघं मिळून बघू."

त्यानंतर झाड भरायला लागलं. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, म्हणून माझी सुक्या बोंबलांची पिशवी वर. खाली सगळ्या मांजरी दगडाभोवती श्रद्धेने बसलेल्या. प्राणी पाळू नयेत, म्हणून नंतर त्यातली एक मांजरही वर. पत्ते वर. नेलपेंट वर. दर वेळी सरांनी हाक मारायची आणि चिरागने चढायचं. आम्हाला यात काही गैर वाटलं नाही, राखणदार कामाला लागलाय एवढंच. सरही खूश होते. शिस्त सुधारली म्हणून स्टाफरूममध्ये त्यांनी स्वतःचं अभिनंदनही करून घेतलं.

मग अभ्यासाच्या तासाला झोपू नये या नियमाखाली सरांची उशी वर गेली.

सर खूश राहिले नाहीत. "हा कोणाचा वात्रटपणा आहे?" त्यांनी विचारलं. आम्ही रायवळाकडे बघितलं. सर चिरागकडे बघत होते.

"जो काढतो, तोच ठेवतो," सर म्हणाले. असा एक सिद्धांत विज्ञानाच्या माणसाला सुचला. या हिशेबाने आग बंबवाले लावतात आणि दात डॉक्टर किडवतो. पण सिद्धांताला विरोध करायचा नसतो, तो परीक्षेला येतो.

मी स्वयंपाकघरात बकुळाकाकूंकडे गेले. काकू आमचं जेवण बनवतात. आमटीत पाणी ओतता ओतता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग त्याची काय चूक गो बाय? सांगितलान तसा करतो बिचारा."

"पण थांबवायचं कसं?"

"जेनी शबूद घातला, तेनीच काढायचा. सगळ्यांच्या समोर. चुकून बोललो, पोरांना पदरात घे, म्हणायचा नि नारळ द्यायचा. दोन मिन्टाचा काम." काकूंनी झाकण ठेवलं. "पण रेक्टर 'चुकलो' म्हणायचा नाय. सड्यावर बोट चालंल, पण हा बोलायचा नाय."

तरी मी आणि चिराग गेलो. सर प्रयोगशाळेत होते. मी सगळं नीट, आदराने सांगितलं.

"योगिनी," सर म्हणाले, "मी विज्ञानाचा शिक्षक आहे. दगडाची माफी मागू?"

"सर, दगडाला नारळ दिलात तेव्हा कुठल्या विषयाचे शिक्षक होतात?"

हे मी मनात म्हणायचं ठरवलं होतं. हर्ण्याच्या लोकांना मनात बोलता येत नाही.

आम्हाला बाहेर काढण्यात आलं. आणि त्याच शनिवारी, भर दुपारी, मोठ्या बाई स्कूटी घेऊन फाटकातून आत आल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. फाटकावर नियम लिहिलाय: आवारात वाहन आणू नये. बाई चहा घेऊन बाहेर आल्या तर स्कूटी रायवळाच्या तिसऱ्या फांदीवर, स्टँडवर, व्यवस्थित लावलेली. हँडलला लॉक. आरशात सड्याचं सुंदर दृश्य दिसत असणार.

बाई कितीतरी वेळ वर बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच, कोणी बघत नाही असं समजून, दगडाला नमस्कार केला. मी बघत होते. पाच मिनिटांत ऑफिसात चौकशी बसली, आणि तिथे त्याच बाई म्हणाल्या, "कोणी केलं?"

"रांबाडेशिवाय वर कोणी जाऊ शकत नाही," सर म्हणाले.

"बाई, स्कूटी," मी दारातून म्हटलं. "खिशात घालून नेली का त्याने?"

"तू मध्ये बोलू नकोस. चिराग, तू झाडावर चढतोस, हे खरं का?"

"हो बाई. सर सांगतात म्हणून."

"म्हणजे चढतोस."

"सर सांगतात म्हणून, बाई."

"चढतोस की नाही, तेवढंच सांग."

"चढतो."

झालं. यालाच चौकशी म्हणतात. स्कूटी वर कशी गेली हे कागदावर आणता येईना, कारण मग म्हातारा, घोंगडी, काठी सगळं आणावं लागलं असतं, आणि संस्थेची माणसं पुढच्या आठवड्यात भेटीला येणार होती. मग कागदावर मावेल असा एकच गुन्हा उरला. झाडावर चढणे. सरांनी चढवलं, सरांनी पकडलं. बाईंनी सही करताना खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. खिडकीतून थेट स्कूटी दिसते.

मला राग आला तो कोणी राखणदाराला मानत नाही याचा नाही. सगळे मानतात! सर रोज सकाळी त्या झाडाला वळसा घालून जातात, चप्पल हातात घेऊन. बाई नमस्कार करतात. संस्थेचे अध्यक्ष विडा पाठवतात. सगळ्यांना माहीत होतं कोणी केलं आणि कोणाच्या शब्दावरून केलं. फक्त त्याला शाळेतून काढता येत नाही, म्हणून ज्याला काढता येतं त्याला काढलं.

चिराग शेवटचा चढला तो चौकशीनंतर, कोणीही न सांगता. मी खाली उभी होते. उतरला तेव्हा चेहरा अगदी शांत.

"काय म्हणाला?"

"मी विचारलं, मी एवढा नियम मोडला, माझं काहीच कसं वर नाही ठेवलंत? तर म्हणाला, तू कुठे मोडलास? तुला मोडायला लावला. आज आलास तो तेवढा तुझा." चिरागने हात झटकले. "मग म्हणाला, आज मी बघितलं नाही."

एवढा विचार त्या ऑफिसात चार खुर्च्यांवर मिळून झाला नव्हता.

सोमवारी त्याची आई लांज्याहून एसटीने आली. तिने पदराने हात पुसत बाईंना विचारलं, "झाडावर चढला म्हणून? आमच्यात सगळेच चढतात हो. न चढून कसं चालेल?" बाई म्हणाल्या, नियम आहेत. तिच्या गावाजवळच्या शाळेत दहावीला मध्येच घेत नाहीत, हेही तिने सांगितलं. मोठ्या आवाजात नाही. मला वाटलं तिला थोडा माझा आवाज द्यावा. बाईंनी त्यावर सहानुभूती व्यक्त केली, तिला पाणी लागतं का विचारलं, आणि दाखला पुढे सरकवला.

चिरागने पत्र्याची ट्रंक उचलली. सगळी पुस्तकं, वह्या, प्रयोगवह्या त्यात. फाटकापर्यंत आला आणि हात एकदम हलके झाले. ट्रंक नव्हती. आम्ही सगळ्यांनी एकदमच मान वर केली. शेंड्याला, मोबाइल होता त्याच्याही वर, ट्रंक.

कारण नियम आहे: सत्र संपेपर्यंत कोणीही विद्यार्थी वसतिगृह सोडून जाणार नाही. मोरीच्या भिंतीवरसुद्धा आहे.

सर बघत राहिले. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "रांबाडे, चढ आणि..."

"चढू?" चिरागने विचारलं. "नक्की, सर?"

फाटकाशी एसटीची वेळ झाली होती. आई म्हणाली, चल बाबा. तो गेला. रिकाम्या हातांनी, वर बघत बघत.

तेव्हापासून ट्रंक वर आहे, स्कूटी वर आहे, सरांची उशीही वरच. संस्थेची माणसं येऊन गेली. त्यांना सांगितलं, विज्ञान प्रदर्शनाची तयारी चाललीय, आणि कोणाला काढलेलं नाही. त्यांनी कौतुक केलं. चिरागची चाचणी परीक्षा जवळ आली आहे आणि तो लांज्यात काजू सोलतोय. म्हणून मी खालील अर्ज दोन प्रतींत केला आहे. एक मोठ्या बाईंच्या टेबलावर आणि एक दगडापाशी, वर विडा ठेवून. टेबलावरची प्रत दुपारीच कचरापेटीत होती. दगडापाशी ठेवलेली तिथे नाही.

मा. मुख्याध्यापिका यांस,

विनंती अर्ज करते की, कु. चिराग रांबाडे यास काढून टाकण्यात आलेले नसल्याने त्यास तातडीने परत बोलावण्यात यावे. सदर विद्यार्थ्यास ट्रंक उतरवून घेण्यापुरती झाडावर चढण्याची लेखी परवानगी श्री. गुरुप्रसाद सर यांनी स्वतःच्या सहीने द्यावी. तसेच त्यांनी सर्व विद्यार्थ्यांसमक्ष नारळ देऊन, जूनमध्ये घातलेला शब्द "चुकून बोललो" असे मोठ्याने म्हणून मागे घ्यावा. दुजोरा देण्याची जबाबदारी अर्जदार घेत आहे. हे शक्य नसल्यास श्री. राखणदार, राहणार रायवळ आंबा, तिसऱ्या फांदीच्या वर, यांना शिस्तपालन समितीचे अध्यक्षपद देऊन प्रकरणाची फेरचौकशी त्यांच्यासमोर, त्यांच्याच जागी घ्यावी, आणि समितीच्या इतर सदस्यांनी त्यासाठी वर जावे, ही नम्र विनंती.