रंगवलेलं शिंग

"चाचा, बैल आजारी आहे ना? मंग ह्या फोटोत तो नवरदेवावानी काऊन दिसून राह्यला?"

फोनवर सारिका होती, खामगावहून. हबीबने चष्मा कपाळावर सरकवला आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडद्यावर चांद्या उभा होता. अंग न्हाऊन लख्ख, पाठीवर झूल, शिंगं लालभडक, डोळ्यांत तेज. फोटो झकास होता, याबद्दल हबीबच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"काऊन, चांगला नाही आला का?"

"लयच चांगला आला. तोच तर घोटाळा आहे. लोक खाली लिहून राह्यले, बैल तं ठणठणीत दिसते, मदत कायले पायजे? एकानं तं इचारलं, विकायचा आहे का म्हणून."

सारिका ज्या संस्थेत होती ती मुक्या जनावरांवर उपचार करायची. आजारी जनावराचा फोटो आणि त्याची चार ओळींची हकीकत इंटरनेटवर टाकायची. ती वाचून कुठला कोण माणूस, पुण्याचा नाही तर दुबईचा, जमेल तेवढी मदत पाठवायचा आणि पुरेशी जमली की डॉक्टर, औषधं घेऊन संस्थेची गाडी त्या गावात जायची. हबीबच्या गावाकडचे, म्हणजे साखरखेर्ड्याकडचे, फोटो काढायचं काम नुकतंच त्याच्याकडे आलं होतं. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आल्यापासून त्याच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोशिवाय कुणी फिरकत नव्हतं, म्हणून त्याने ते हसतहसत घेतलं. चांद्या हे पहिलंच जनावर, आणि पहिल्याच घासाला खडा लागला.

तसं पाहिलं तर हबीबने तेच केलं होतं जे उभा जन्म केलं. आधी ब्रशने आणि मग कॉम्प्युटरवर त्याने देवीचे व्रण पुसले, तिरळे डोळे सरळ केले, टकलांवर केस उगवले. पंचक्रोशीतली अर्धी लग्नं वरच्याने जुळवली असतील, तर उरलेली हबीबने. घरातलं माणूस गेलं आणि त्याचा एकही धड फोटो नाही असं झालं, की लोक मतदानाचं कार्ड हातात घेऊन रडत त्याच्याकडे यायचे. तानाबाईही तशीच आली होती, तिचा नवरा कचरू गेला तेव्हा. कचरूला हयातीत कधी कोट मिळाला नाही. तो हबीबने फोटोत घातला. आज तो कोटातला कचरू तानाबाईच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी असा बसला आहे, की नव्या माणसाला वाटावं हे तहसीलदार होते.

चांद्या याच तानाबाईचा. तिचा एक बैल आणि शेजारच्या भिमाबाईचा एक, अशी दोघींची मिळून जोडी. आदल्या साली, जिला अळी लागत नाही म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, त्या बीटी कपाशीची बोंडं गुलाबी अळीने आतून पोखरून टाकली. गावातल्या कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या. या दोघींनी मात्र बैल विकले नाहीत. ज्यांनी विकले त्यांनाच आता कपाशीच्या ओळींमधून तण काढायचे डवरे फिरवायला या दोघींची जोडी भाड्याने न्यावी लागत होती. एक बैल गेला तर दुसरा नुसता खाणार, आणि दोन्ही घरच्या चुली थंड होणार.

आणि नेमकं चांद्याच्याच उजव्या शिंगाला कॅन्सर झाला. शिंग मुळाशी मऊ पडून कलायला लागलं, नाकपुडीतून रक्त येऊ लागलं, तो सारखं डोकं झटकायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शिंग वेळेवर काढलं तर बैल वाचेल. रोग डोक्यात उतरला तर नाही.

फोटो निघणार म्हटल्यावर तानाबाईने जे कुणीही केलं असतं तेच केलं. बैलाला न्हाऊ घातलं, भिमाबाईची झूल मागून आणली, शिंगं रंगवली, आणि दुखऱ्या शिंगावर रंगाचा जास्तीचा हात फिरवला. राहिलेली कसर हबीबने भरून काढली. कललेलं शिंग सरळ केलं, नाकाखालचं रक्त पुसलं, डोळ्यांत जरासा उजेड टाकला.

"मी रागावून नाही राह्यली, चाचा," सारिका म्हणाली. "पण आठवडा गेला ना तसाच. डॉक्टरसाहेब म्हणते, आता थांबणं बरं नाही."

फोन ठेवला तेव्हा हबीबचे कान तापले होते. त्याची बायको खुर्शीदा चहा घेऊन आली. तिने पडद्यावरच्या चांद्याला नीट न्याहाळलं आणि बशी काउंटरवर ठेवत म्हणाली, "बैल का बी रिश्ता जमा दिया तुमने."

एरवी हबीब हसला असता. आज त्याला चहा गोड लागेना. आपल्या कसबाने आजवर कुणाचं वाईट झालं नाही, हा त्याचा मोठा आधार होता. चहा तसाच टाकून तो उठला.

तानाबाई गोठ्यात सरकीची ढेप भिजवत होती. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला.

"गाडी येऊन राह्यली का, हबीबभाई?"

"नाही. फोटो पुन्हा काढा लागते."

"काऊन? साजरा नाही झाला का पहिला?"

"लय साजरा झाला, बाई. म्हणूनच कोणाले खरं वाटेना." हबीबने एका दमात सांगून टाकलं. "मीच त्यातलं सारं दुखणं पुसून टाकलं. आता जसं आहे तसं दाखवा लागते. रक्त, शिंग, सारं."

तानाबाईने हात पदराला पुसले. चांद्याकडे पाहिलं, मग हबीबकडे.

"आजाऱ्याचा कोनी फोटू काढते का? माह्या मालकाले तुमीच कोट घातला. तवा नाही म्हणाले, फाटकी बंडी आहे तशी असू द्या."

बाईचं चुकलं कुठे होतं? चांद्याने डोकं झटकलं आणि नाकातलं रक्त खालच्या कडब्यावर पडलं. ते दोघांनीही पाहिलं.

"कचरूभाऊ गेला होता तवा," हबीब म्हणाला. "हा अजून आहे."

तानाबाईने ढेपेची बादली बाजूला सारली. मग घरात गेली आणि घासलेटाची बाटली व जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन बाहेर आली. तोवर हबीबने फोटोऐवजी फोनवर व्हिडिओ सुरू केला होता.

"मले बोला लागन का काही?"

"सारिका म्हणे, हात जोडून दोन शब्द बोलल्या तं बरं. मदत करा म्हणून."

तानाबाईने फोनसमोर हात जोडले. ओठ हलले, पण शब्द फुटेना. दुसऱ्यांदाही तसंच. शेवटी तिने हात खाली सोडले.

"मले नाही जमत, हबीबभाई. जन्मात कोणाले मागतलं नाही."

"मंग नका मागू. तुमी तुमचं काम करा."

तिने चिंधी भिजवली आणि शिंगाच्या टोकाकडून रंग पुसायला सुरुवात केली. हबीबने फोन बंद केला नाही.

"हालू नको," ती बैलाला म्हणाली. "मीच रंगवलं, मीच पुसून राह्यली. येडीच आहो मी. तुले सजवत बसली अन् तुह्यं दुखणं झाकलं." मुळाशी आली तशी तिने घासलेटाची चिंधी टाकून कोरडा पदर घेतला. "इथं दुखते ना? हाव, हाव. मले ठाव आहे. तू गेला तं भिमाबाईच्या बैलाले करमन का? मले करमन का?"

चांद्याने जड झालेलं डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं. पदराला रक्त लागलं. तिने ते पाहिलंही नाही. नुसती त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत उभी राहिली. हबीबच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या, पण फोन त्याने हलू दिला नाही.

दुकानात येऊन त्याने ते चित्रण पाहिलं. शिंगाचा खरा रंग दिसत होता, सूज दिसत होती, माशा दिसत होत्या. पदरावरचा डाग तर पडद्याच्या मधोमध. त्याचा हात आपसूक माउसकडे गेला. तो डाग काढणं त्याच्या डाव्या हाताचा मळ होता. त्याने हात मांडीखाली दाबून धरला, खुर्शीदाला हाक मारली आणि म्हणाला, "तूच दबा बटन. मेरेकू भरोसा नहीं मेरा." तिने पाठवायचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारिकाचा फोन आला. "चाचा, गाडी निघाली खामगावून."

"इतक्या लवकर?"

"लोकायनं धडाधड पाठवलं. अन् लिहून काय राह्यले, मालूम आहे? बैलानं काही खाल्लं का, बाईले सांगा काळजी करू नका. कोणी एक आजी आहे नाशिकची, सकाळपासून चार डाव तेच इचारून राह्यली."

ऑपरेशन तानाबाईच्या अंगणातच झालं. गळ्याशी दोर बांधून चांद्याला आडवा पाडला, शिंगाच्या बुडाशी सुया टोचल्या आणि डॉक्टरांनी तारेने शिंग कापलं. हबीबने फोटो काढायचे होते. तो दोर धरून बसला आणि फोटो सारिकाने काढले. पट्टी बांधून झाली, दोर सुटले, तरी चांद्या उठेना. भिमाबाई तोंडाला पदर लावून कुडाशी उभी होती. तानाबाई मात्र त्याच्या मानेशी बसून नाव घेत राहिली, अगदी हळू, झोपेतून उठवावं तशी. शेवटी त्याने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग उचलला आणि डुगडुगत उभा राहिला. समोर धरलेला हिरवा चारा त्याने हुंगला आणि ओढून घेतला.

"खाल्लं!" भिमाबाई ओरडली. "अवं, खाल्लं त्यानं!"

हबीबच्या छातीवरचं ओझं उतरलं. एवढा मोकळा श्वास त्याने कित्येक दिवसांत घेतला नव्हता. सारिका तर तिथल्या तिथे नाशिकच्या आजीला फोन लावत होती.

जखम भरली, इंजेक्शनं संपली, डॉक्टरांनी बैल कामाला जुंपायला हरकत नाही असं सांगितलं. तेव्हा ज्यांनी मदत पाठवली त्यांना दाखवायला म्हणून हबीब पुन्हा फोन घेऊन गेला. चांद्याच्या अंगावर मांस धरलं होतं. डोक्याची एक बाजू सपाट, दुसऱ्या बाजूला एकुलतं शिंग. झूल नव्हती, रंग नव्हता. तानाबाई स्वतः मात्र धुवट लुगडं नेसून, केसांना तेल लावून तयार होती, आणि हबीबने तिला तशीच फोनमध्ये घेतली.

शेताकडे जायला दोन्ही घरांमधली अरुंद बोळ ओलांडावी लागे. तानाबाई पुढे, मागून चांद्या, आणि सगळ्यांत मागे फोन धरून हबीब. बोळीच्या तोंडाशी चांद्या थबकला. त्याने मान तिरपी केली, उजवी बाजू भिंतीपासून दूर धरली, आणि नसलेलं शिंग लागू नये म्हणून जपून एकेक पाऊल टाकत आत शिरला. त्या बाजूला चांगली हातभर जागा मोकळी होती.

"त्याले समजलं नाही का अजून?" हबीबने विचारलं.

"जाऊ द्या त्याले त्याच्या हिशोबानं," तानाबाई म्हणाली.

बोळीच्या मध्यावर ती भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभी राहिली, आणि त्या शिंगाला लागेल तेवढी जागा सोडून तिने त्याला पुढे जाऊ दिलं.