मी दारात आले की

एकाहत्तर साली माझे यजमान खुशालराव सैन्यात होते. तेव्हा गावात तार घेऊन शालिकराम यायचा. तारेत बहुतेक वेळा रजा मंजूर झाल्याचंच असायचं, पण बायका आधी रडून घ्यायच्या आणि मग तार वाचून घ्यायच्या. बिचाऱ्याला कुणी चहा विचारत नसे. मीही विचारला नाही. म्हातारपणी त्याचीच जागा मला मिळेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमचं गाव अचलपूरपासून जवळच. गावची अकरा मुलं एकाच पलटणीत आहेत. पलटण आणि ही घरं यांच्यातला दुवा म्हणून सहा वर्षांपूर्वी मला नेमलं, बिनपगारी. नियम एकच होता: चांगली बातमी फोनवर, वाईट बातमी स्वतः घरी जाऊन. मी तो अकराही घरांना नीट समजावून सांगितला. तिथेच चुकलं.

देवाच्या दयेने वाईट बातमी एकही आली नाही. पण मला कुणाच्या घरी जाता येईना. संक्रांतीला त्या अकरांतल्या अंकुरच्या आईकडे, दुर्गाबाईच्या दारात हळदीकुंकवाला गेले, तर मला बघून ती धाडकन खालीच बसली. तिळगूळ राहिला बाजूला, आम्ही तिला कांदा हुंगवत बसलो. काम सोडते म्हटलं, तर माझी जागा घ्यायला कुणी तयार होईना.

फुलांचा मळा असलेली पार्बता माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिचा चंदनही त्याच पलटणीत. त्याला मुलगी झाली, बारसं ठरलं आणि पार्बताचा फोन आला.

"लीले, तू नको येजो वं. सून ओली बाळंतीण हाये. तुले दारात पाह्यलं तर दूध आटीन तिचं."

"अवं, मी झबलं शिवलं."

"पाठवून दे."

"मंग बारसं बी फोनवरच पाहू का मी?"

दोघीही रडलो. तिच्या तीन सुनांची बाळंतपणं मी केली होती.

तोडगा चंदननेच काढला. "मावशी, मी व्हिडिओवर राह्यतो. फोन पुढं धरून चाला. माहं तोंड दिसलं की कोनी भेत नाही."

पण पार्बताच्या घराआधी गल्लीत आणखी चार मुलांची घरं. त्यांनाही आपापला मुलगा दिसायला हवा. शेवटी एका फोनवर पाच जवान, प्रत्येकाचं तोंड बत्ताशाएवढं. आरतीचं ताट धरावं तसा फोन धरून मी निघाले. मुलं फोनमधून ओरडत होती, "आई, मी मजेत हावो!"

दुर्गाबाईच्या दारासमोर रेंज गेली. पाचही चेहरे थिजले. तिच्या अंकुरचे नेमके डोळे मिटलेले.

"लीलाबाई, हालू नका!" ती किंचाळली. "माह्या अंकुरले काय झालं?"

"रेंज गेली, बाई."

"मंग ततंच थांबा!"

"माघारी जातो मी."

"माघारी बी नको! सांगवलं नाही म्हून माघारी गेली, असं वाटते."

अर्धा तास मी भर उन्हात उभी. कुणीतरी लांबूनच बांबूला बांधून छत्री पुढे केली. मागे संत्र्यांचा टेम्पो हॉर्न देत होता. ड्रायव्हरला वाटलं, मला कुणीतरी शिक्षा केली आहे; तो माझ्यासाठी माफी मागू लागला.

तेवढ्यात पार्बताची सून प्रतीक्षा घरातून थेट गल्लीत आली. मागून पार्बता ओरडत होती, "अवं, कान तरी बांध!" प्रतीक्षाने मला डोळे भरून पाहिलं. मग तिने बारा दिवसांची मुलगी माझ्या हातांवर ठेवली.

"वाईट बातमी सांगणारं मानूस लेकरू घेऊन येत नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चला मावशी, घरात."

दुर्गाबाईने विचार केला. "हाव, हे बराबर हाये. जाऊ द्या त्याईले."

इतक्या वर्षांनी मी पार्बताचा उंबरा ओलांडला. मुलीचं नाव वर्षाली ठेवलं.

तेव्हापासून मला सगळीकडून बोलावणी येतात, "पोरगी घेऊन या" म्हणून. पार्बता वर्षालीचे वार ठरवून देते, दुर्गाबाईकडे सोमवार. आता ती आठ महिन्यांची आहे, जड लागते, माझा खांदा धरतो. परवा दुर्गाबाईकडे शेवया खाताना मी तिला जरा खाली ठेवलं, तर आतल्या खोलीतून बघणाऱ्या दुर्गाबाईच्या हातातलं भांडं पडलं.

मी पटकन उचलून घेतलं तिला. शेवया एका हाताने खाल्ल्या.