मटिल्डाच्या पाकिटावरचा शब्द

"मामा, आयच्या पत्राचा काय झाला?" सायमनने दारातच विचारलं आणि सुक्या बोंबलांची पिशवी टेबलावर ठेवली.

हिलरी गोंधळला. पाचूबंदरहून मोठ्या बहिणीचं, मटिल्डाचं ते पत्र नाताळात आलं होतं. आता ईस्टर तोंडावर आला. तिचे बोंबील घेणाऱ्या दुकानदाराला पाकिटावर 'सुकवलेले' यासाठी इंग्रजी शब्द हवा होता. 'तू सांगशील तोच छापू,' असं तिने लिहिलं होतं. फोनवर भाऊ नुसता हं हं करतो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून पत्र. उभ्या आयुष्यात तिने त्याच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. शाळेच्या ग्रंथालयात जन्म घालवलेल्या हिलरीला मात्र उत्तर धाडायचा धीर होत नव्हता.

"'क्युअर्ड' म्हणावं, तर ते मिठातलं नाहीतर धुरातलं. आपले बोंबील नुसते उन्हावाऱ्यावरचे. 'प्रिझर्व्ह' बरा वाटतो, पण इंग्रजीत मुरंब्यालाही तेच म्हणतात."

"म्हंजे कोनतरी पावाला लावून खाल!" सायमन हसला. "मामा, दुकानवाला ईस्टरपरेन थांबनार, मग दुसऱ्याचा माल घेनार. मी बोललो, नुसता 'ड्राय' छापू. आय बोलते, हिलरी सांगल तवाच. तवर पाकीट कोरा. सांगा, आत्ता फोन लावतो."

"नको. लिहूनच पाठवतो."

"बघा हां," म्हणत सायमन गेला.

हिलरीने शब्दकोश पुन्हा उघडला. 'प्रिझर्व्ह'चा लॅटिनमधला पहिला तुकडा म्हणजे आधी, दुसरा म्हणजे राखणं. हे त्याने कितीदा तरी वाचलं होतं. पिशवीचा वास खोलीभर झाला होता. त्याला वलांडी आठवली. बांबूंच्या त्या मांडणीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, आणि खाली काठी घेऊन दिवसभर कावळे हाकणारी मटिल्डा. तिची शाळा चौथीत सुटली, ती या राखणीपायी. त्याच बोंबलांवर हिलरी शिकला.

जमवलेली टिपणं बाजूला सारून त्याने पोस्टकार्ड काढलं.

'बाय, "प्रिझर्व्ड" छाप. मूळ अर्थ, आधीपासून राखलेलं. खाली तुझं नाव घाल, मोठ्या अक्षरात. राखलंस तूच. हिलरी.'

'मोठ्या अक्षरात'खाली त्याने रेघ ओढली. रेघ जरा जास्तच झाली असं वाटलं, पण खोडली नाही.

पापडी गावच्या पोस्टाच्या पेटीत त्याने कार्ड टाकलं. चार पावलं गेला, परत आला, आणि फटीत बोटं घालून ते अडकलं नाही ना, हे चाचपून पाहिलं.