आंघोळीची बाज

"मावशी, पोतं घेऊन आत यायचं न्हाई."

हॉस्टेलच्या फाटकात दगडोबा वॉचमन आडवा उभा होता. महानंदाबाईंना वाटलं, चेष्टा करतोय. गेले आठ महिने दर बुधवारी हाच माणूस चारही मजल्यांवरच्या रिकाम्या बाटल्या त्यांच्यासाठी जिन्याखाली जमवून ठेवत होता.

"का रे? दुसरं कुणी नेऊ लागलंय का?"

"न्हाई. सरांनी मना केलंय."

"कुठल्या सरांनी?"

दगडोबानं मान खाली घातली. "तुमच्याच की."

महानंदाबाईंचा मुलगा वीरभद्र लातुरातल्या एका मोठ्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत असे. त्याच्याच क्लासची पोरं या हॉस्टेलात राहत. बाईंनी रिकामं पोतं घडी करून काखेत धरलं आणि उन्हातून विरंगुळा केंद्रात परत आल्या.

केंद्र म्हणजे कॉलनीच्या मोकळ्या जागेवरचं पत्र्याचं शेड. दुपारी सात-आठ म्हातारी माणसं तिथं जमत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले रेवणप्पा बाटल्यांची झाकणं वितळवून लोखंडी साच्यात दाबत. त्यातून काठीच्या मुठी निघत, संडासात धरून उठायच्या कड्या निघत. बायका दुधाच्या पिशव्यांची बस्करं विणत. महानंदाबाई बाटल्या गोल कापून लांब पट्ट्या काढत आणि त्यांनी बाज विणत. काथ्याची बाज विणायला त्या सासऱ्यांकडून शिकल्या होत्या. हात अजून विसरला नव्हता.

पहिली बाज त्यांनी नवऱ्यासाठी विणली. संगप्पांना अर्धांग होऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं ओल्या फडक्यानं अंग पुसणं, बस. डोक्यावरून पाणी असं नव्हतंच. बाज तयार झाली तशी रेवणप्पांनी आणि शेजाऱ्यानं संगप्पांना उचलून अंगणात आणलं, बाजेवर निजवलं. महानंदाबाईंनी तांब्या ओतला. पाणी पाठीखालून सरळ फरशीवर गेलं. पाचव्या तांब्याला संगप्पांच्या गळ्यातून घोगरा आवाज निघाला. वाचा तर कधीच गेली होती.

"पाणी कढत हाय का वो?" बाई घाबरल्या.

संगप्पांनी चांगला हात बाजेच्या लाकडावर आपटला. एकदा, दोनदा. मग बाईंना कळलं, ते आणखी मागत होते. त्या दिवशी त्यांनी सहा बादल्या ओतल्या. पुढं संगप्पा रात्री झोपायलाही त्याच बाजेवर असत.

नंतर अशा अकरा बाजा झाल्या. एकेक बाज अंथरुणाला खिळलेल्या कुणाच्या तरी घरी गेली.

फाटकात अडवलं त्याच बुधवारी वीरभद्र घरी जेवायला आला तेव्हा बाईंनीच विषय काढला. "दगडोबाला तू सांगितलंस?"

त्यानं घास खाली ठेवला. "वर्गात एका पोरानं चिठ्ठी टाकली, अव्वा. सरांची आई कचरा वेचती म्हणून. सगळी हसू लागली होती."

"हसू दे की. मी काय चोरती का?"

"तसं न्हाई." तो ताटाकडे बघत बोलू लागला. "भूकंपानंतर तू पोतं घेऊन लायनीत उभी राहायचीस. ट्रकावरनं लोक कपडे फेकायचे. त्यातला एक स्वेटर घालून मी शाळेत गेलो. लांबलचक, पोरीचा. मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं अव्वा, 'भूकंपातलं' म्हणायचे. दहावीपर्यंत. लई शिकलो मी. ते तुझ्या हातात परत पोतं बघायला का?"

महानंदाबाईंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. थोरली पोरगी आणि सासू दगडामातीखाली गेल्या, त्याच्या चौथ्या दिवशी त्या लायनीत उभ्या राहिल्या होत्या, कारण वाचलेलं हे लेकरू भुकेनं रडत होतं. त्यांची समजूत होती, लेकराला आठवत नसेल.

"बरं," त्या म्हणाल्या. "न्हाई जात."

पुढच्या रविवारी वीरभद्रनं वडिलांसाठी नवा पलंग आणला. वर जाड फोमची गादी. "दादांनी बाटल्यांवर का झोपायचं?" असं म्हणत त्यानं स्वतः चादर घातली, कोपरे नीट दुमडले. बाज त्यानं भंगारवाल्याला देऊन टाकली. फुकटच दिली.

महिनाभरात शेडही म्हाताऱ्यांच्या हातून गेलं. कॉलनीतल्या लोकांनी अभ्यासिकेसाठी अर्ज केला होता. टेबलं आली, पंखे आले. "वहिनी, हे साचे ठिवता का?" रेवणप्पांनी विचारलं.

"घरात कुठं ठिवू, भाऊजी?"

रेवणप्पा साचे शेडातच सोडून भोकरला लेकीकडे राहायला गेले.

फोमची गादी पाणी धरते म्हणून तिच्यावर रबरी कापड घातलं होतं. त्यावर घाम साचून दोन महिन्यांत संगप्पांची पाठ सोलली. वीरभद्रनं डॉक्टर आणले, अंग पुसायला माणूस ठेवला. त्याच्या बाजूनं त्यानं काही कमी केलं नाही. एका सकाळी संगप्पांनी चांगला हात गादीवर आपटला. आवाज झाला नाही. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी वाटीत पाणी आणून त्यांचे केस भिजवले. त्यापेक्षा जास्त करता येत नव्हतं. श्रावणात ते गेले. वीरभद्र लहान मुलासारखा रडला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी दारात एक बाई आली. हातात पिशवी, पायांवर धूळ.

"मी शिरूर अनंतपाळहून आले. आंघोळीची बाज विणणाऱ्या महानंदाबाई इथंच ऱ्हातात का? माझी सासू चार महिने अंथरुणावर हाय. पाठीला किडे पडायची पाळी आलीय."

आतल्या खोलीत वीरभद्र मोबाईलसमोर उभा राहून शिकवत होता. त्वचेचे थर किती, ते मोठ्यानं सांगत होता.

"इथं कुणी न्हाई तसं," महानंदाबाई हळू म्हणाल्या.

"हीच गल्ली सांगितली होती वो."

"असंल. गेल्या त्या."

"कुठं?"

महानंदाबाईंना चटकन गाव सुचेना. "पाणी घेता?" त्यांनी विचारलं.

ती बाई उंबऱ्यात बसून तांब्याभर पाणी प्यायली आणि पदरानं तोंड पुसून उठली. आतला आवाज थांबला होता.

"कोण हाय, अव्वा?"

"पत्ता चुकल्या होत्या," महानंदाबाई म्हणाल्या.

रस्त्यावर ती बाई एकेका फाटकावरची पाटी वाचत पुढं जात होती.